आमच्या होडीचा रंग

आमचं घर पाचूबंदरला, कोळ्याचं, बाबाची होडी होती, आनि त्या होडीला जो रंग लागायचा तो अख्ख्या बंदरात दुसऱ्या कोनाकडं नव्हता. बाबा निळ्या डब्यात उरलेला पिवळा ओतायचा, वर थोडा पांढरा, काठीनं ढवळायचा, माप-बीप काय नाय. फादर होड्यांना आशीर्वाद द्यायला यायचे त्याच्या आधी रंग झालाच पायजे. आनि उरलेला रंग फेकायचा नाय, हा आमच्या घरचा कायदा. मग दार, पान्याचं पिंप, अंगनातला क्रूस, सायकल, सगळ्याला तोच. लोक लांबूनच सायकल बघून बोलायचे, इनास आला. इनास म्हंजे माझा मोठा भाऊ. मी पास्कू.

मला होडीवर उलटी व्हायची. कोळ्याचा पोर आनि समुद्रात उलटी, काय सांगू ताई तुम्हाला, बाबा चारचौघात बोलायचा, हा माझा नायच. इनास मधी पडला. तो बोलला, बाबा, याला रंग सोडून दुसरं काय कळत नाय, तर रंगालाच लावू या. आनि सायकलवर डबलसीट बसवून मला मानिकपूरला एका गॅरेजवाल्याकडं सोडून आला, वर दम दिला, इथं तरी ओकू नको. वीस वर्षं झाली त्याला. आता रस्त्याच्या कडेला माझी स्वतःची पत्र्याची शेड आहे, आनि लोक मला बंपरवाला म्हनतात.

बंपर पत्र्याचा नसतो ना, प्लास्टिकचा असतो. त्याचा प्रायमर येगळा, तो नाय लावला तर रंग सालीसारखा निघून येतो. आधी धुवायचं, मग पॉलिश पेपर पान्यात भिजवून बोटानं हळूहळू घासायचं, थिनरचा फडका, प्रायमर, रंग, वर लॅकर. आनि रंग ओला असताना फोन घ्यायचा नाय. हात हलतो, धूळ बसते, सगळं परत घासावं लागतं. घरी सगळ्यांना म्हाईत, पास्कू काम करताना फोन घेत नाय. ओरखडा बघून मी सांगतो गाडी कुठं लागली. भिंतीचा चुना बसतो, रिक्षाचा काळा बसतो. त्यात माझा हात कोन धरनार नाय, ही माझी घमेंड होती.

गेल्या साली होड्यांना रंग लागला त्याच आठवड्यातली गोष्ट. इनासची सायकल मीच रंगवून दिलेली, रविवारी देवळातली मिस्सा झाल्यावर. मग दोन दिवसांनी सकाळी शेड उघडतोय तर एक मोतिया पांढरी गाडी उभी. मानूस चांगला शिकलेला, इस्त्रीचा शर्ट, दादा दादा करत होता. पुढच्या बंपरला डाव्या बाजूला लांब ओरखडा, आनि त्या ओरखड्यात रंग. आमच्या होडीचा. मी बघितल्या बघितल्या वळखला, मला हसू आलं. मी विचारलं, साहेब, पाचूबंदरला गेला होता काय? त्यानं गाडीची चावी या हातातून त्या हातात घेतली. मग बोलला, हां, मासळी घ्यायला गेलो होतो, वळवताना होडीला घासली. मी काय बोलावं? मी बोललो, अरे देवा, ती आमचीच होडी, रस्त्याला लागूनच वढून ठेवलीय, माफ करा साहेब. मी त्याची माफी मागितली, ताई. मेल्यानं ती घेतली पन.

मग बसलो कामाला. रंग ताजा होता, थिनरच्या फडक्यानं निघाला, उरलेला पेपरनं घासला, पानी गटारात गेलं. प्रायमर लावला, वाळवला. मोतिया पांढरा लई वाईट रंग, जुळवता जुळवत नाय, मी मान खाली घालून जुळवत होतो आनि खिशात फोन वाजत होता. वाजून थांबायचा, परत वाजायचा. मला राग आला, म्हनलं यांना कळत नाय काय. लॅकर मारला, बोटानं दाखवता येनार नाय असं काम केलं, गाडी गेली, मग फोन बघितला. सगळे वयनीचे.

इनास उजाडता सायकलवर बर्फ आनायला निघाला होता. मागून गाडीनं उडवलं, थांबलीसुद्धा नाय. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा चादर तोंडावर घेतली होती. माझ्या नखात अजून रंग होता.

पोलिसांनी लिवलं, अज्ञात वाहन. मला म्हाईत आहे कुठलं वाहन. त्या मानसाचा नंबर माझ्या मोबाईलमधी आहे, अजून आहे. पन बोलू काय? पुरावा कोनी पुसला, तर सख्ख्या भावानं, तेपन माफी मागून. फादरांकडं कुमसार केला, सगळं पाप कबूल केलं, ते जाळीआडून बोलले, पास्कू, देवाला सांगितलंस, आता तुझ्या वयनीला सांग, पोलिसांना सांग. हो बोललो. चौकीच्या पायरीपर्यंत दोनदा गेलो. भित्रा आहे मी, होडीवर होतो तसाच.

चौकीतून सायकल परत आली. मागच्या मडगार्डवर मोतिया पांढरा पट्टा आहे, एवढा हातभर. वयनी ती सायकल माझ्याकडं घेऊन आली, बोलली, पास्कू भाऊजी, मला बाजाराला लागते ही, पन हा पांढरा डाग रोज डोळ्यात खुपतो, तेवढा काढून बाबाचा रंग लावून दे. ती बघा, तुमच्या मागं ताडपत्रीखाली आहे. डबा घरात भरलेला आहे, अर्ध्या तासाचं काम. मी तिला सांगतो, रंग जुळत नाय. वीस वर्षांत कुठल्या गिऱ्हाईकाला मी असं बोललो नाय.

तो पट्टा मी पुसनार नाय. आनि तोंडपन उघडत नाय. तुम्हाला आज पयल्यांदा बोललो, लिवा तुम्ही, काय व्हायचं ते होऊ दे. दर रविवारी मिस्सा सुटली की देवळाच्या दारात वयनी भेटते, सायकलचं विचारते, मी तेच सांगतो. मग ती माझे दोन्ही हात हातात घेते आनि बोलते, असू दे, तू आमच्यासाठी किती करतोस, देव तुझ्या या हातांना यश देवो.

मी आमेन बोलतो.