डोळा आखताना धरलेला श्वास

मी रंजना. माहेर अष्टमीचं, रोह्याच्या पुलापलीकडचं. बाबा भातगिरणीत हमाली करायचे, आई लावणी-कापणीला मजुरीनं जायची, आणि मी रोज पूल ओलांडून कॉलेजला. आमच्या घरात बी.ए. झालेली पहिली मी, हे कुणी विचारलं नाय तरी मी सांगते, तुम्हीही लिहून घ्या. लग्न होऊन पेणला आले तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, सून शिकलेली हाय गो, ऑफिसात बसेल. बसले, पण गणपतीच्या कारखान्यात, या लाकडी पाटावर, सतरा वर्षं झाली.

आधी घासकाम केलं, पॉलिश पेपरने मूर्ती घासायच्या, नाकातोंडात पांढरी पूड. मग सोवळी रंगवली. मग एकदा आखणीवाले काका आजारी पडले तेव्हा आमचे मालक, नाना म्हणतात सगळे, ते म्हणाले, बघ जमतंय का. जमलं. आखणी म्हणजे डोळे काढायचे, पापणीची रेघ, बुबुळ, आत पांढरा ठिपका. काय सांगू तुम्हाला, मूर्ती कितीही चांगली असूदे, डोळा चुकला की सगळं फुकट. त्या रेघेला श्वास धरावा लागतो. छातीत घ्यायचा, थांबवायचा, रेघ ओढायची, मग सोडायचा. दिवसभर हेच.

आणि आम्ही बौद्ध. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली मी, गणपतीला हात जोडत नाय, पण त्याला डोळे मीच देते. नाना म्हणतात, हात जोडू नको बाई, हात हलू देऊ नको म्हणजे झालं.

मिस्टरांचं कंपनीतलं कंत्राटी काम सुटलं तेव्हापासून घर या ब्रशवर चालतं. माणूस वाईट नाय, पण दिवसभर रिकामा बसला की दारातच विचारतो, आलीस का बीए बाई, एवढा उशीर कुठे?

दोन वर्षांमागे आमच्या विहारात एक भंते वर्षावासाला आले. पावसाचे तीन महिने ते एका जागी राहतात, आणि त्यातच गणपती येतात, तोवर आम्हाला कारखान्यात मरायला वेळ नसतो. तरी मी सकाळी सहाला विहारात जाऊन बसायचे. भंते म्हणाले, काही करू नका, श्वास येतोय, जातोय, नुसतं बघा. सोपं वाटलं. बघायला गेले तर श्वास नव्हताच, धरलेला! सोडला, परत बघते तर परत धरलेला. मग दिवसभर लक्ष तिथेच. भाकरी थापताना धरलेला, दाराची कडी वाजवताना धरलेला, आता आतून काय ऐकू येईल म्हणून. पाटावर धरते ते कामाचं, पण हे घरात कधी शिरलं? रडू आलं हो. एवढी शिकलेली बाई मी, आणि श्वास कोंडून जगत्ये हे मलाच माहीत नाय.

मग ठरवलं, आता धरायचाच नाय, पाटावरही नाय. एका चार फुटी मूर्तीचा डावा डोळा काढत होते, श्वास सुटला आणि बुबुळ खाली सरकलं. नाना पुढे येऊन उभे राहिले, म्हणाले, रंजना, हा देव चपला शोधतोय काय? सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन बिघडल्या तेव्हा कुणी हसलं नाय. मला परत घासकामाला बसवलं. नाना म्हणाले, हात पहिल्यासारखा आला तर बरं, नायतर आखणीला दुसरी बाई बघतो.

विहारातल्या शालिनीताई म्हणाल्या, बरं झालं सुटलीस, ते काम आपलं नव्हेच. म्हटलं, ताई, मग आमची चूल तुम्ही पेटवणार का? भंतेंना विचारलं, श्वास धरू की सोडू, काम धरू की सोडू, एकदाचं सांगा. ते म्हणाले, धरा, पण धरलाय हे कळू द्या. असा राग आला मला. मला कुणीतरी दार उघडून द्यायला हवं होतं, आणि हे म्हणतात दार बंद हाय ते नीट बघ.

आठ दिवस पांढरी पूड खाल्ली आणि नानांना म्हटलं, ब्रश द्या. श्वास धरला. डोळा सरळ आला.

सुटले का विचारता, तर नाय. मिस्टर दारात तेच विचारतात, शालिनीताई तोच टोमणा मारतात. फक्त कडी वाजवायच्या आधी मी उंबऱ्याबाहेर जरा थांबते, छाती गच्च असते, ती मोकळी करते आणि मग आत जाते. कधी कधी तेही विसरते. दोन पावसाळ्यांत एवढंच जमलंय.

भलं होवो सगळ्यांचं, नानांचं, मिस्टरांचं, शालिनीताईंचं पण, आणि तुमचंही. मूर्ती न्यायला गाडी दारात लागलीय, ही एक मूर्ती राहिलीय. बसा तुम्ही, चहा येतोय. पण मी ब्रश उचलला की काही विचारू नका, डोळा काढताना मला बोलता येत नाय.