मशीनीनं धरलेला हात

आमचं माहेर भोकरदनकडचं, सासर बी तिकडंच, पर मालक वारले आन् पोटासाठी म्या जालन्याला आले, एमआयडीसीत बियानं निवडायला. दिसभर टेबलापाशी उभं राहायचं, फुटकं, किडकं बी बाजूला काढायचं. त्याच्यावरच मिलिंदला शिकवलं. आता तो पुन्याला नोकरीला, बायको-लेकरं बी तिकडंच.

काय सांगू ताई तुम्हाला, सकाळी चहा गाळून राह्यल्ते आन् भांडंच हातातून सुटलं. उजव्या अंगावरून वारं गेल्तं. हाक मारावी तर तोंडातून शब्द निघंना, आन् निघाला असता तरी हाक मारायची कोनाला. शेजारनीनं उघड्या दारातून पाहिलं तवा दवाखाना.

वाचा आन् पाय जल्दी आले, हात काही येईना. येनी घालता येईना, रोज शेजारनीला किती म्हनावं, मंग केसच कापून टाकले. मिलिंद आल्ता, दवाखान्यात रोबोटच्या मशीनीवर माझं नाव घातलं आन् सुट्टी संपली तसा गेला बिचारा. नुसता लोखंडाचा हात वो, त्यात माझा हात पट्ट्यानं बांधायचा, मशीन पुढं न्यायची, मागं आनायची, समोर टीव्हीवर फळं पडायची ती टोपलीत झेलायची. तिथली मशीन चालवनारी पोरगी म्हनायची मावशी, मशीनीवर सोडू नका, तुम्ही बी जोर लावा. खोटं कशाला बोलू, मालक गेल्यापासून माझा हात असा कोनी धरलाच नव्हता. रडू आलं. पोरीला वाटलं दुखतंय, तिनं मशीन थांबवली. म्या म्हनलं न्हाई दुखत, चालू दे.

मंग एक दिस फळ बराबर टोपलीत पडलं आन् पोरगी हळूच म्हनली, “मावशी, मशीनीचा जोर मी काढून घेतलाय. हात तुम्हीच नेताय.”

घरी येऊन मिलिंदला फोन लावला. कामावर होता, लई खूश झाला, म्हनला आई, संध्याकाळी बोलतो. विसरला आसंल, कामाचा मानूस. म्या आपली हात उचलून राह्यले, ठेवून राह्यले, पाहनारं कोनी न्हाई.

आता मशीन सुटली. भाकर थापता येत न्हाई, पर घास तोंडात जातो. मिलिंद म्हनतो पुन्याला ये. गेल्ते की, तिथं समदे दिसभर बाहेर, आन् म्या भिंतीकडं पाहत. आले माघारी. त्या पोरीचं भलं होवो, तुमचं बी होवो, इतका वेळ बसलात, ऐकलंत. न्हाई ताई, दार वढू नका, राहू द्या तसंच उघडं.