मिरजेची अक्का

आदरणीय अध्यक्ष महोदय, आमच्या अधिसेविका राजेश्वरी मॅडम, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, ड्यूटी बदलून आलेले माझे सगळे सहकारी, आणि पहिल्या रांगेत अवघडून बसलेले तानुबाईंचे चिरंजीव कृष्णातभाऊ, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

पत्रिका छापली तेव्हा हा निवृत्तीचा समारंभ होता. तानुबाई एकतीस तारखेला निवृत्त व्हायच्या होत्या, आणि एकोणीसला त्या गेल्या. कार्यक्रम रद्द करू नका, असं कृष्णातभाऊच म्हणाले. म्हणून आज शाल आहे, श्रीफळ आहे, खुर्चीही मांडली आहे आणि खुर्चीत फोटो आहे. मॅडमनी मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनी मावशींच्या सेवेचा यथोचित गौरव केला. मला मात्र एक कबुली द्यायची आहे.

मी राजनंदिनी, जतकडची. आमच्या घरी मेंढरं. नऊ वर्षांची असताना माझ्या पायाच्या हाडात पू झाला आणि माझ्या वडिलांनी, बिराप्पांनी, मला याच दवाखान्यात आणलं. आई तान्ह्या भावाला टाकून येऊ शकत नव्हती. कळप पुढं निघालेला, त्यामुळं चौथ्या दिवशी आप्पांनाही जावं लागलं. जाताना सांगून गेले, "हितल्या बायकास्नी सिस्टर म्हंत्यात. सिस्टर म्हंजी अक्का. काय लागलं तर अक्का म्हणून हाक मार." आमच्याकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, कानडी मुलूख जवळ ना.

आता आप्पांना काय ठाऊक, की दवाखान्यात सिस्टर वेगळी आणि मावशी वेगळी? पांढऱ्या साडीतली जी पहिली बाई दिसली, तिला मी अक्का म्हणून हाक मारली. त्या तानुबाई होत्या, आमच्या वॉर्डातल्या मावशी. हातात बेडपॅन तसंच धरून त्या घटकाभर माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना कुणी चुकूनही सिस्टर म्हणत नव्हतं, आणि मी तर चक्क बहीणच केली होती.

चाळीस दिवस मी त्यांच्या जिवावर काढले. थंडीचे दिवस होते. बेडपॅन गरम पाण्यानं विसळून, स्वतःच्या मनगटाला लावून बघितल्याशिवाय त्यांनी ते कधी कुणाला दिलं नाही. हे कुणी शिकवलं होतं त्यांना? कुठल्या पुस्तकात आहे? चादर ओढायची तर आधी सांगायच्या, "आता जरा गार लागंल हां बाळा." तेवढ्यानंच माझं अर्धं दुखणं कमी व्हायचं. मी तिथंच ठरवलं की मोठं होऊन अक्का व्हायचं. शाळेत 'माझा आदर्श' या निबंधात मी 'मिरजेची अक्का' लिहिलं. गुरुजी म्हणाले, कुणीतरी मोठं माणूस घे. मी एका मोठ्या माणसावर निबंध पुन्हा लिहून दिला. पण नर्सिंगला गेल्यावर मैत्रिणींना अभिमानानं सांगायचे, मिरजेच्या एका सिस्टरकडं बघून मी इथं आले.

अकरा वर्षांपूर्वी इथं रुजू झाले. पहिल्याच दिवशी न्हाणीघराशी एक बाई बेडपॅन मनगटाला लावून बघताना दिसली. माझी अक्का सिस्टर नव्हतीच, हे मला तेव्हा कळलं. त्यांनीही मला निरखलं आणि विचारलं, "जतकडची का गं तू? पायाचं दुखणं हुतं ती?"

सोबत माझ्या मैत्रिणी होत्या. मी म्हणाले, "नाही मावशी, मी सांगलीची."

त्या एवढंच म्हणाल्या, "बरं, सिस्टर." त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी मला सिस्टर म्हटलं आणि मी त्यांना मावशी. मला लाज वाटली होती, मंडळी. ज्यांच्यामुळं अंगावर हा गणवेश आला, त्यांच्या हातातल्या भांड्याची मला लाज वाटली. उद्या सांगू, परवा सांगू, निवृत्तीच्या भाषणात तर नक्की सांगू, असं म्हणत मी दिवस ढकलले.

या महिन्यात त्या आपल्याच वॉर्डात भरती झाल्या. सतरा तारखेला दुपारी मी बेडपॅन गरम पाण्यानं विसळलं, मनगटाला लावलं आणि त्यांना दिलं. त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, "गरम केलंस व्हय? शिकलीस गं." मग हळूच म्हणाल्या, "आता तरी अक्का म्हण की. हितं कोण न्हाई ऐकायला."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात औषधांची ट्रॉली घेऊन दोन नव्या मुली आत आल्या. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "मावशी, पडून राहा, बोलू नका." त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्यानंतर त्या शुद्धीवर आल्या नाहीत. माझ्या बोलण्यातला शेवटचा शब्द त्यांच्या कानावर पडला, तो मावशी हाच.

कृष्णातभाऊ, तुमच्या आईला मी ओळख दिली नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं.

अध्यक्ष महोदय, पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली. मला बोलू दिलंत, याबद्दल मी आपली आणि सर्व उपस्थितांची ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर आपण मोठ्या मनानं पोटात घालाल. जे वेळेवर बोलले नाही, त्याची क्षमा मात्र मला त्या खुर्चीकडंच मागावी लागेल. आज सगळं सभागृह ऐकतंय, त्या दोन नव्या मुलीही मागं उभ्या आहेत.

अक्का, मी जतकडचीच. पायाचं दुखणं होतं, ती.