आईने वेस उघडली

जर्मनीतल्या एसेनच्या बैठ्या खेळांच्या जत्रेत, खेळ विकत घेण्याच्या रांगेत माझ्यापुढे विबके आणि तिचा भाऊ हेनिंग उभे होते. दोघांचीही चाळिशी उलटलेली.

"रविवारी तू आला नाहीस. आम्ही आपल्या ड्रॅगनच्या खेळाचा नवा विस्तारसंच उघडला. त्यात प्रत्येकाने गुपचूप ठरवायचं, शहर वाचवायचं की ड्रॅगनला सामील व्हायचं."

"मग फितूर कोण निघालं? तुझा नवरा?"

"आई."

"आपली आई? ती तर खेळताना स्वतःचं धान्यसुद्धा आपल्याला देऊन टाकते."

"तीन तास देतच होती. शेवटच्या फेरीत तिने शांतपणे वेशीचं दार उघडलं. सगळं शहर जळलं, हेनिंग."

"अगं, ती शहात्तर वर्षांची आहे. चुकून झालं असेल."

"मलाही तसंच वाटलं. तर म्हणाली, 'इतकी वर्षं शहर वाचवण्याशिवाय दुसरं काही करताच येत नव्हतं.'"

"असं म्हणाली?"

"पुढचं ऐक. सोंगट्या डब्यात भरता भरता म्हणाली, एक तारखेला ल्यूबेकला जातेय, मैत्रिणीकडे राहायला. कायमची."

"आणि बुधवारी माझ्या मुलींना कोण सांभाळणार?"

"हेच मी विचारलं. ती नुसती हसली."

रांग दोन पावलं सरकली. हेनिंग जागचा हलला नाही.

"मग त्याच खेळाचा हा दुसरा संच आपण कुणासाठी घेतोय?"

"तिच्यासाठी. तिकडे न्यायचाय म्हणाली."