टांझानियाच्या शेळ्या

बहरीनमधल्या गुदैबियाच्या दवाखान्यात मी बाळाला थोपटत बसले होते. मागच्या बाकावर कोकणातलं जोडपं. बायको इथंच राहणारी, नवरा टांझानियाहून सुट्टीवर आलेला.

"शाजिया, तुझं पत्र वाचून कारखान्यामागं कुजत पडलेली काजूची बोंडं मालकाच्या शेळ्यांना घातली."

"मग?"

"चाळीसच्या चाळीस झिंगल्या!"

"या अल्ला! ताजी वाळवून घालायची असतात ती."

"मग तसं लिहायचंस ना!"

"रत्नागिरीच्या माणसाला ते काय लिहायचं? म्हणजे नोकरी खलास?"

"मलाही तेच वाटलं. मालक आला, शेळ्या बघून पोट धरून हसला. त्यानं विचारलं, ही अक्कल कुणाची? मी म्हटलं, बायकोची."

"लाज आणलीत!"

"म्हणाला, फुकटचा चारा सुचवला तिनं, तिलाच बोलव, व्हिसा देतो. येशील गो?"

"अंगण केवढं आहे तिथं?"

"का?"

"बोंडं कुठं वाळत घालू मग?"