बर्फावरचे बूट

हिंगोलीच्या स्टँडवर वसमतची गाडी भरत होती. लेकाच्या लग्नाचे बूट द्वारकाबाईंनी नेहमीसारखे एक नंबर मोठेच घेतले होते. खोकं मांडीवर, कान मागच्या सीटवर. तिथं नवऱ्यासोबत मनाली फिरून आलेली नवी नवरी मैत्रिणीला सांगून राहिली होती.

"बर्फावर घसरायचे बूट भाड्यानं मिळतात. ह्यांनी मोठेच घेतले."

"काहून?"

"त्यांची आई तसेच घेते म्हणे. पाय वाढतो!"

"आता कुठं वाढायचा? आन तू?"

"मी घट्ट घेतले. गुडघे वाकवले की बोटं बराबर मोकळी व्हायची."

"मग?"

"ह्यांचे पाय वळले, बूट वळलेच न्हाईत. धाडकन माझ्याच अंगावर!"

"अगं बाई! चिडले का?"

"न्हाई गं. हसत म्हणाले, इथून पुढं माझे बूट तूच घेत जा."

द्वारकाबाई ताडकन उठल्या. "मास्तर, गाडी सोडू नका! नवरदेवाचे बूट बदलून आणते."