सॉनातल्या बंडखोरांतर्फे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या कंपनीच्या प्रमुख माननीय गुनिल्ला ओस्ट्रम, व्यासपीठावर माझ्या उजव्या हाताला बसलेले आणि मघापासून माझ्याकडे संशयाने बघणारे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती सिक्स्टन हामरलुंड, त्यांच्या पत्नी सुल्वेई, तसेच इतकी वर्षं आम्हाला मनसोक्त नावं ठेवून पुन्हा आमचाच खेळ खेळत राहिलेले, आणि आज एवढ्या बर्फातून लांबून आलेले आमचे खेळाडू, आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

सिक्स्टनला 'माननीय' म्हणायची आमच्या ऑफिसात पद्धत नाही. आम्ही सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतो. आज एकदा मानाने नाव घेऊन झालं, आता पुढचं भाषण नेहमीच्या भाषेत केलं तर अध्यक्षांची हरकत नसावी. त्या हसताहेत, म्हणजे नाही.

मी टूवा रिबिंग. आमच्या 'भूमध्य' या संगणकावरच्या खेळात माझ्याकडे माणसांचं खातं आहे. सरदार, राण्या, पुरोहित, कोण कुणाशी लग्न करतो, कोण कशावरून रुसतो, हे मी बघते. बाकीचं जग सिक्स्टनचं. खेळणाऱ्याने रोम घ्यावं, कार्थेज घ्यावं, नाहीतर गॉलमधली एखादी फाटकी टोळी घ्यावी, आणि शतकं उलटेपर्यंत ती सांभाळावी, असा हा खेळ. सत्काराला उभं राहिलं की फक्त गुण सांगायचे असतात हे मला ठाऊक आहे. पण ज्या माणसाने आयुष्यभर आमच्या प्रत्येक कामातले दोष आधी सांगितले, त्याला नुसते गुण ऐकवले तर तो मला प्रामाणिक समजेल का?

तरी आधी गुणच. या खेळाचा नकाशा! असा नकाशा मी दुसऱ्या कुठल्याही खेळात पाहिलेला नाही. प्रत्येक नदी, प्रत्येक खिंड, प्रत्येक मिठागर. दुष्काळ पडला की टोळी आपली बायकापोरं, गुरंढोरं घेऊन डोंगर उतरताना दिसते. काही लोक खेळ विकत घेतात आणि खेळतच नाहीत, नुसते बघत बसतात. त्यातले एक गृहस्थ आज तिसऱ्या रांगेत बसलेत. मघाशी दारातच त्यांनी मला सांगितलं, की त्यांना जिंकण्यात रस नाही, सिसिलीत गहू पिकला की त्यांना बरं वाटतं.

हा नकाशा कसा झाला, ते सुल्वेईला विचारा. लग्नाच्या वाढदिवसाला सिक्स्टनने तिला ट्युनिशियाला नेलं. समुद्रावर जायचंय म्हणाला. बिचारीने पोहण्याचे कपडे घेतले. याने नेलं कुठे, तर एका उजाड टेकडीच्या पायथ्याशी. या चढावरून हत्ती वर जाऊ शकेल का, हे त्याला बघायचं होतं. हत्ती काही मिळाला नाही. मग दोन्ही हातांत सामानाच्या बॅगा घेऊन तो स्वतःच चढायला लागला, आणि तो कुठे दमतो हे खालून सुल्वेईने बघायचं. तो अर्ध्यावर बसला. आमच्या खेळात आजही त्या टेकडीवर हत्ती अर्ध्यावर बसतात.

आता दोष. पहिला म्हणजे शत्रूचे राजे. दिसायला रुबाबदार, पण अक्कल बेताची. एक राजा आपलं सगळं सैन्य बोटींची वाट न बघता समुद्राकडे चालवतो आणि काठावर वर्षानुवर्षं उभं करून ठेवतो. दुसरा दोष, शांतता. लढाई असेपर्यंत खेळ रंगतो. तह झाला की खेळणारा जांभया द्यायला लागतो, आणि कंटाळून शेजाऱ्यावर चाल करून जातो. तिसरा दोष, सगळ्या गोष्टींची घाई. 'दरारा' नावाची एक शिल्लक असते. ती खर्च करून बटण दाबायचं. जेवणाआधी अख्खं गाव गॉलची भाषा बोलत असतं, जेवणानंतर सगळे लॅटिन बोलतात. म्हाताऱ्यासकट.

आणि सगळ्यात मोठा दोष, ज्याच्यामुळे मी आज इथे उभी आहे. सरदार नाराज झाला, फुटायला आला, की त्याच्या चेहऱ्याखाली एक सोनेरी बटण उगवायचं. त्यावर लिहिलेलं असायचं, 'खूश करा'. दाबलं की खजिन्यातून थोडं सोनं जायचं आणि सरदार पोटच्या पोरासारखा वागायला लागायचा. पुढच्या वर्षी पुन्हा फुटायला यायचा. पुन्हा बटण.

खेळ बाजारात आला आणि आमची धुलाई झाली. एकाने लिहिलं, की नकाशा अप्रतिम आहे, आणि त्यावर यांनी महसूल कार्यालय उघडलंय. सिक्स्टन प्रत्येकाला उत्तर द्यायचा. लुंड शहरातल्या एका दंतवैद्यबाईंनी फक्त 'कंटाळा आला' एवढंच लिहिलं होतं. त्यांना याने प्राचीन जगातल्या धान्याच्या वाहतुकीवर असं लांबलचक उत्तर पाठवलं, की बाईंनी उलट कळवलं, हे वाचताना मात्र कंटाळा आला नाही, हेच खेळात घाला. त्या बाईही आज आल्या आहेत. डॉक्टर, तुमचं स्वागत.

तेव्हा गुनिल्लाने आम्हाला बोलावलं. तिने आवाज चढवला नाही. तिने कॉफी ओतली आणि सांगितलं, की जूनमधल्या मिडसमरच्या सणापर्यंत खेळ सुधारला तर ठीक, नाहीतर 'भूमध्य' बंद होईल आणि आम्हा सगळ्यांना बर्फात भोक पाडून मासे पकडायच्या खेळावर पाठवलं जाईल. तुम्ही हसताय. तो मासे पकडायचा खेळ आमच्यापेक्षा कितीतरी जास्त खपत होता.

मी सिक्स्टनकडे गेले आणि म्हटलं, ते सोनेरी बटण काढून टाकू या. माणसं अशी विकत मिळत नाहीत, म्हणून खेळणाऱ्यांना ती खरी वाटत नाहीत. तो चष्मा पुसत म्हणाला, "टूवा, खेळणाऱ्याला काय करायचं ते कळलं पाहिजे. भावना आकड्यात मावत नाहीत. सोनं मावतं." मी पुष्कळ वाद घातला. त्याने चष्मा आणखी पुसला.

मग आम्ही बंड केलं. माझ्या विभागातली माणसं, आणि खेळातली आकडेमोड करणारी सगळी यंत्रं ज्याच्या हातात तो यालमार, असे आम्ही तळघरात गेलो. तळघरात रिकामी खोली एकच होती. ऑफिसचा सॉना, म्हणजे भट्टी पेटवून घाम काढत बसायची लाकडी खोली. लाकडी बाकांवर लॅपटॉप मांडून आम्ही नवा खेळ लिहायला घेतला. कुणाचा तरी कोपर लागून एकदा भट्टी सुरू झाली. बंद कशी करायची कुणालाच कळेना, आणि वर जाऊन विचारणं म्हणजे शरणागती. आम्ही बनियनवर बसून काम केलं. बाहेरून सिक्स्टनचा शांत आवाज आला, बंडखोरांना उकडतंय का म्हणून.

दुपारच्या कॉफीचीही फाळणी झाली. एक किटली वर, एक तळघरात. गुनिल्ला अर्धा कप वर प्यायची आणि अर्धा खाली. दोन्हीकडे ती सारखंच हसायची, म्हणूनच ती आमची प्रमुख आहे.

आणि मग सिक्स्टनने काय केलं असेल? त्याच्या खेळात जे केलं असतं तेच. त्याने सुल्वेईला दालचिनीचे बन करायला सांगितले. तिला वाटलं कुणाचा वाढदिवस असेल. ताट घेऊन तो स्वतः तळघरात उतरला आणि यालमारसमोर ठेवलं. यालमारच का? कारण यालमार वर परत गेला असता तर आम्ही बाकीचे म्हणजे सॉनात बसून कुरकुर करणारी माणसं, एवढेच उरलो असतो. यालमारने बन खाल्ले, आभार मानले आणि कामाला लागला. दुसऱ्या दिवशी सिक्स्टनने केशराचे बन आणले. मे महिन्यात! जे बन नाताळाआधीचे दिवस सोडले तर आपल्याकडे कुणी करत नाही, ते मे महिन्यात बघितल्यावर आम्हाला कळलं, की माणूस घायकुतीला आलाय.

तो खालच्या बाकावर बसला आणि म्हणाला, "यालमार, वर कधी येतोस?"

"येत नाही."

"मग बन का खाल्लेस?"

"चांगले होते म्हणून."

आम्ही हसलो. सिक्स्टनही हसणार होता, पण त्याने स्वतःला आवरलं. त्याने विचारलं, की तुला हवंय तरी काय. यालमार फार बोलणारा माणूस नाही. त्याने बोटांची साखर झटकली.

"माझे वडील गेले, त्यानंतर मी पहिल्यांदा कामावर आलो, तेव्हा तू मला विचारलंस, हत्तींचं काम कुठवर आलं. मला राग नाही, सिक्स्टन. पण त्या दिवसापासून मी तुझा माणूस राहिलो नाही. त्याला आता कुठलं बटण दाबशील?"

सिक्स्टन उठला, ताट तिथेच ठेवून निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं फार हळू वाजत होती. मी यालमारला म्हटलं, की जरा जास्तच लागेल असं बोललास. तो म्हणाला, लागावं म्हणून बोललो नाही, त्याने विचारलं म्हणून सांगितलं. आणि खरं सांगते, त्या संध्याकाळी घरी जाताना मला वाटत होतं की संपलं. खेळही गेला आणि माणूसही. आता मासे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाली गेलो तर सिक्स्टन आमच्या आधी येऊन बसलेला. सॉनाच्या सगळ्यात वरच्या बाकावर, डोकं छताला टेकलेलं. यालमार आत आला तसं त्याने विचारलं, "तुझ्या वडिलांचं नाव काय होतं?"

"फोल्के."

"काय करायचे ते?"

यालमारचे वडील येव्ले गावात पियानो सुरात लावून द्यायचे. आम्ही आपापले लॅपटॉप उचलले आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. आतून दोघांचे आवाज येत राहिले, जास्त यालमारचा, आणि यालमारला इतकं बोलताना आमच्यापैकी कुणीही कधी ऐकलं नव्हतं. मध्येच तो हसलाही. जेवणाच्या वेळेला दार उघडलं. सिक्स्टनने माफी मागितली की नाही, मला ठाऊक नाही. माफी मागणं त्याला आजही जमत नाही. पण त्या दिवसापासून तो विचारायला लागला. मला त्याने विचारलं, की तुझ्या आईचा गुडघा कसा आहे. माझ्या आईला गुडघा असतो, हे त्याला माहीत आहे याचाच मला धक्का बसला.

मग त्याने आमच्यासमोर बसून ते सोनेरी बटण स्वतःच्या हाताने काढून टाकलं, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, आता सरदार खूश कसा होणार ते सांगा. आम्ही सांगितलं, की सरदाराच्या लक्षात राहिलं पाहिजे. पडत्या काळात कोण भेटायला आलं, कुणी त्याची बढती दुसऱ्याला दिली, कुणी त्याच्या मुलाचं नाव विचारलं. मिडसमरपर्यंत आम्ही आठवणीच लिहीत होतो. सुरुवातीला त्या फारच चिवट झाल्या. एका सरदाराने राज्याचे दोन तुकडे केले, कारण राजा त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाला आला नव्हता. मी म्हटलं, हे काढू या, कुणी विश्वास ठेवणार नाही. सिक्स्टन म्हणाला, राहू दे, आमच्या घरात हेच झालंय.

सणाच्या आदल्या दिवशी नवा खेळ बाहेर पडला. सणाच्या दिवशी आम्ही तलावाकाठी हेरिंग मासे आणि नवे बटाटे खात बसलो होतो, पण कुणाचं लक्ष ताटात नव्हतं. गुनिल्लाने फोन बघितला आणि ती उभी राहिली. लुंडच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'काल माझ्या सेनापतीने मला सोडलं. चूक माझी होती.' तिने ते दोनदा वाचून दाखवलं. सिक्स्टनने बटाटा सोलायला घेतला आणि बराच वेळ तोच बटाटा सोलत राहिला.

'भूमध्य' वाचला. फार मोठा झाला असं नाही. मासे अजूनही आमच्या पुढे आहेत. शत्रूचे राजे अजून समुद्राकाठी उभे आहेत आणि तह झाल्यावर अजून जांभया येतात. खेळाडूंनो, त्याबद्दल तुम्ही लिहीत राहा. मात्र आता उत्तर मी देईन, आणि ते आटोपशीर असेल.

सिक्स्टन आणि सुल्वेई परवा हेर्नेसांदला राहायला चाललेत, समुद्राजवळ. सुल्वेईच्या मते या वेळी खरोखरच्या समुद्राजवळ. त्यांच्या सामानाची गाडी यालमार चालवणार आहे. मी त्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, कुणी नाही. मग म्हणाला, "सिक्स्टनला रस्ते सापडत नाहीत."

हे खरं आहे. अख्ख्या प्राचीन जगाचे रस्ते ज्याने आखले, तो माणूस आपलं हे उप्साला शहर सोडून कुठेही निघाला की दरवेळी विमानतळावर पोचतो. यालमारने त्यासाठी रजा टाकली आहे, आणि परतीची तारीख लिहिलेली नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, सुल्वेईने बन करून आमचं बंड पोसलं, आणि या सभागृहाने एवढा वेळ कॉफीशिवाय काढला, त्याबद्दल सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहून गेलं असेल, कुणाचं नको तितकं घेतलं गेलं असेल, एखादा शब्द बोचला असेल, तर आपल्या घरातलीच बोलतेय असं समजून सांभाळून घ्या. सिक्स्टन, आता तुझी पाळी. नमस्कार.